मज्जातंतूंना हवी असते वाट

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा घराची मांडणी एका दिवसात बदलते. औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटतो, न्हाणीघरात धरायला दांडी बसते, पलंगाच्या एका अंगाला उशा रचल्या जातात. आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो: हा हात पुन्हा उचलला जाईल का? भेटायला येणारे आपापल्या परीने उत्तर देतात. कुणी म्हणते, "व्यायाम करा, सगळे परत येईल." कुणी हळूच सांगते की मेंदूतले गेलेले काही परत येत नसते. आणि कुणी तरी मोबाईलवर एक जाहिरात पाठवून देते, ज्यात काही लाख रुपयांच्या इंजेक्शनांनी माणसे चालू लागल्याचे लिहिलेले असते.

यांपैकी कोणाचे कितपत ऐकावे? हे स्वतःच्या मनाशी ठरवायचे असेल, तर जेफ्री रेझमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पन्नास वर्षे ज्या कामात घालवली, ते काम समजून घेणे उपयोगी पडेल. कारण 'मेंदू स्वतःला बदलतो का' आणि 'तुटलेला तंतू पुन्हा वाढतो का' हे दोन प्रश्न आपण नेहमी एकच समजतो. ते एक नाहीत. रेझमन यांचे आयुष्य पहिल्या प्रश्नापाशी सुरू झाले आणि दुसऱ्यापाशी संपले.

रेझमन यांचा जन्म १९३९ सालचा, इंग्लंडमधील लीड्स शहरातला. ऑक्सफर्डला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मेंदूच्या संशोधनाकडे वळले, तेव्हा या क्षेत्रावर स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांची गडद सावली होती. काहाल हे आधुनिक मज्जाविज्ञानाचे जनक. १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत तंतूंच्या वाटा एकदाच आखल्या जातात, त्या तुटल्या की तुटल्या, असा निर्वाळा त्यांनी दिला होता. हा निर्णय बदलता आला तर तो भविष्यातल्या शास्त्राने बदलावा, असेही ते म्हणून गेले होते. पण लक्षात राहिला तो निर्वाळा. पुढच्या पिढ्यांनी तो जवळजवळ धर्माज्ञेसारखा मानला.

या निर्वाळ्यामागे डोळ्यांना दिसणारा पुरावा होता, हेही मान्य करायला हवे. विळीवर हात कापून बोटाकडे जाणारी नस तुटली आणि शल्यविशारदाने ती नीट जोडली, तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत संवेदना पोचायला काही महिने लागतात. पण ती पोचते. याउलट पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला, तर तंतूंची तुटकी टोके थोडी धडपड करतात आणि थांबतात. शरीर तेच, तंतूही त्याच जातीचे. हाताच्या नसेत जे घडते ते कण्यात का घडू नये, हे कोडे होते.

रेझमन यांनी सुरुवात मात्र या कोड्यापासून केली नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न फार साधा होता. मेंदूतली एखादी जोडणी तुटल्यावर त्या जागी पुढे काय होते?

उंदराच्या मेंदूत सेप्टम नावाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या पेशींवर दोन वेगवेगळ्या दिशांनी तंतू येऊन टेकतात आणि आपापला निरोप देतात. जिथे तंतू टेकतो त्या जागेला चेतासंधी म्हणतात. ती इतकी लहान असते की साध्या सूक्ष्मदर्शकाला तिचे बारकावे दिसत नाहीत. रेझमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जागा अक्षरशः मोजल्या. एका दिशेचे तंतू फक्त पेशीच्या फांद्यांवर बसतात, दुसऱ्या दिशेचे फांद्यांवरही बसतात आणि पेशीच्या मुख्य अंगावरही, हे त्यांना दिसले. मग त्यांनी एक बाजू तोडून पाहिली. काही दिवसांत तुटलेल्या तंतूंची टोके काळी पडून नाहीशी झाली. जागा रिकाम्या राहतील, अशी त्या काळातल्या कोणाचीही अपेक्षा असती. त्या रिकाम्या राहिल्या नाहीत. शेजारच्या, धडधाकट तंतूंनी सरकून त्या व्यापल्या. एरवी केवळ फांद्यांवर बसणारे तंतू, दुसरी बाजू तोडल्यावर, चक्क मुख्य अंगावर बसलेले दिसले.

एसटीच्या गर्दीत प्रवास केलेल्यांना हे पटकन समजेल. मधल्या थांब्यावर कुणी उतरले की ते आसन क्षणभरही मोकळे राहत नाही, शेजारचा सरकतो. १९६९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत, दुखापतीनंतर, नव्या जोडण्या तयार होतात याचा तो डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा होता. आज 'मेंदूची लवचीकता' हा शब्द योगवर्गांपासून शब्दकोड्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्या काळी जाणकारांना तो पचायला वेळ लागला.

आता या शोधातली एक बाब, जी उत्साहाच्या भरात सहसा सांगितली जात नाही. सरकून बसलेला शेजारी हा उतरून गेलेल्या प्रवाशाचे काम करतोच असे नाही. त्याने जागा भरली, एवढेच. तुटलेला मूळ तंतू कधी काळी परत वाढून आला, तरी त्याचे आसन गेलेले असणार. पक्षाघातानंतर काही रुग्णांचा हात सैल राहण्याऐवजी आखडत जातो, मूठ उघडेनाशी होते. त्यामागे इतर कारणांबरोबर मज्जासंस्थेतले असे चुकीच्या दिशेने झालेले फेरबदलही असतात, असे मानले जाते. म्हणजे मेंदू बदलतो, हे खरे. पण तो आपोआप आपल्या सोयीचा बदलतो, हे खरे नाही. व्यायामाची गरज इथेच उत्पन्न होते, त्याकडे पुढे येतो.

१९७४ साली रेझमन लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत मज्जाजीवशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले. त्यापूर्वी पॉलीन फील्ड या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी नर आणि मादी उंदरांच्या मेंदूच्या एका भागात जोडण्यांची रचना वेगळी असते, हे दाखवले होते. तो विषयही मोठा आहे, परंतु आपल्या आजच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

मिल हिलला मात्र जुने कोडे पुन्हा समोर आले. मेंदूला नव्या जोडण्या करता येतात, तर मज्जारज्जूतला तुटलेला तंतू वाढत का नाही? दोष तंतूचा की त्याच्या भोवतालच्या जागेचा? याच काळात कॅनडातील माँट्रियल येथे अल्बर्ट अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा एक तुकडा काढून मेंदूचे बूड आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. १९८१ साली त्यांनी जाहीर केले की, जे तंतू मज्जारज्जूत वाढायला तयार नव्हते, तेच त्या पुलातून कित्येक मिलिमीटर वाढत गेले. पलीकडच्या टोकाला मज्जारज्जू पुन्हा सुरू होताच ते थांबले. तंतूंच्या अंगी वाढण्याची शक्ती होती. अडत होते ते वाटेपाशी.

घाटात दरड कोसळली की वाहने थांबतात. त्यांचे इंजिन बिघडलेले नसते. मज्जारज्जूला इजा झाल्यावर तिथल्या आधारपेशी घाईने जखम बुजवतात आणि एक घट्ट व्रण तयार होतो. त्यामुळे जखम पसरत नाही. पण वाट बंद होते. ही दरड दूर करायची तर दोन्ही बाजूंशी जमवून घेणारे कुणी तरी हवे होते.

ते रेझमन यांना सापडले नाकात.

आपल्या नाकाच्या आतल्या अस्तरात, अगदी वरच्या बाजूला, गंध ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. धूळ, धूर, जंतू यांचा मारा त्यांच्यावर सतत होतो, म्हणून त्या मरतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी येत राहतात. हे आयुष्यभर चालते, उतारवयात मंदावते, तरी चालते. कोविडच्या साथीत ज्यांचा वास गेला होता, त्यांपैकी बहुतेकांना तो काही आठवड्यांत परत आला. त्यामागे या अस्तराची स्वतःला नव्याने घडवण्याची क्षमता आहे. गंमत अशी की प्रत्येक नव्या पेशीला आपला तंतू नाकाच्या छतावरील हाडाच्या चाळणीतून वर नेऊन थेट मेंदूत पोचवावा लागतो. प्रौढ वयात, रोज, बाहेरचा तंतू मेंदूत शिरतो! काहाल यांच्या निर्वाळ्याला शरीरानेच ठेवलेला हा अपवाद होता.

रेझमन यांनी पुन्हा आपला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावला आणि या वाटेवर तंतूंच्या सोबत कोण असते ते पाहिले. तंतूंच्या जुडग्यांना गवसणी घालणाऱ्या काही खास आधारपेशी नाकापासून मेंदूच्या उंबरठ्याच्या आतपर्यंत त्यांना पोचवायला येत होत्या. नवख्या पाहुण्याला गल्लीबोळांतून थेट घराच्या ओटीपर्यंत आणून सोडणाऱ्या माणसासारख्या. तंतूंना आत प्रवेश मिळतो तो या पेशींमुळे असावा, अशी मांडणी त्यांनी १९८५ साली केली. याच पेशी नाकाच्या वाटेवरून उचलून मज्जारज्जूच्या जखमेत ठेवल्या तर? हा विचार सुचायला क्षण पुरला असेल. तो तपासायला बारा वर्षे लागली.

१९९७ साली यिंग ली, पॉलीन फील्ड आणि रेझमन यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. ज्या उंदरांच्या मानेतील मज्जारज्जूत एका बाजूची हालचालीची वाट तोडली होती, ते त्या बाजूच्या पंजाने खाऊ उचलू शकत नव्हते. गंधवाटेवरील पेशी जखमेत सोडल्यावर काही उंदरांत तुटलेले तंतू ती जखम ओलांडून पुढे गेले, आणि ते उंदीर तो पंजा पुढे करून खाऊ घेऊ लागले.

प्रयोगशाळेतून माणसापर्यंतचे अंतर याहून लांब निघाले. आजारी नातलगाची सेवा करणाऱ्यांना या टप्प्यावरची एक गोष्ट जवळची वाटेल. डेव्हिड निकोल्स नावाचे लंडनमधील एक नामांकित बल्लवाचार्य आहेत. २००३ साली त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा ऑस्ट्रेलियात समुद्रात पोहताना अपघाताने जखमी झाला आणि त्याचे हातपाय लुळे पडले. उपचार नाही हे ऐकल्यावर या पित्याने मज्जारज्जूच्या संशोधनासाठी निधी उभारणारी संस्था काढली. पुढे लंडन विद्यापीठाच्या कॉलेजात गेलेल्या रेझमन यांच्या गटाला आणि पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरातील शल्यविशारद पावेल ताबाकोव्ह यांच्या चमूला त्या निधीचा आधार मिळाला.

व्रोत्सवाफमध्ये त्यांच्यासमोर आलेला रुग्ण दारेक फिदिका. २०१० साली चाकूच्या हल्ल्यात पाठीवर वार होऊन त्याचा मज्जारज्जू छातीच्या पातळीवर जवळजवळ पूर्ण तुटला होता. कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. महिनोन्‌महिने कसून व्यायाम करूनही जवळपास दोन वर्षांत काहीच फरक पडला नव्हता. २०१२ साली शल्यविशारदांनी त्याच्या कवटीतून गंधाशी संबंधित मेंदूचा एक छोटा गोळा काढला. त्यातल्या पेशी सुमारे दोन आठवडे प्रयोगशाळेत वाढवल्या. मग पाठ उघडून त्या पेशींचे थेंब सुमारे शंभर सूक्ष्म टोचण्यांनी जखमेच्या वर आणि खाली सोडले. मधली आठ मिलिमीटरची फट भरायला त्याच्याच घोट्याजवळच्या नसेच्या चार पट्ट्या पुलासारख्या बसवल्या. अग्वायो यांचा पूल आणि रेझमन यांचे वाटाडे एकत्र आले.

पुढच्या सकाळी चमत्कार झाला नाही. दिवसाला पाच तास, आठवड्यातून पाच दिवस, असा व्यायाम सुरू राहिला. साधारण तीन महिन्यांनी पहिले लक्षण दिसले, तेही पाऊल पडण्याचे नव्हते. डाव्या मांडीचा स्नायू भरू लागला होता. सहा महिन्यांनी पायांना पट्ट्या बांधून, समांतर दांड्यांच्या आधाराने, फिजिओथेरपिस्टच्या सोबतीने अडखळत पावले पडली. दोन वर्षांनी तो चौकटीचा आधार घेऊन दवाखान्याबाहेर चालत होता. मूत्राशय आणि आतड्यांची जाणीवही काही प्रमाणात परतली. अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांना पावलांपेक्षाही या शेवटच्या वाक्याचे मोल अधिक कळेल.

२०१४ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली आणि जगभरची वर्तमानपत्रे भरून गेली. रेझमन यांनी स्वतः तिची तुलना माणसाच्या चांद्रमोहिमेशी केली. आयुष्यभर मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाला एवढी मुभा द्यायला हवी. तरीही दुसऱ्या शास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप चुकीचे नव्हते. एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही. जखमेत काही तंतू आधीच शाबूत असतील का, सुधारणा पेशींमुळे की नसेच्या पुलामुळे की नेटाच्या व्यायामामुळे, हे एकाच उदाहरणावरून वेगळे काढता येत नाही. नंतर त्याच गटाने आणखी रुग्णांचा शोध सुरू केला. रेझमन मात्र जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, निवर्तले. ही शस्त्रक्रिया आजही कोणत्याही रुग्णालयातला नेहमीचा उपचार नाही.

आता आपल्या घरी येऊ. पक्षाघात आणि तुटलेला मज्जारज्जू या वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षाघातात बहुधा मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, पण अवतीभोवतीचा मोठा भाग जिवंत असतो. म्हणजे रेझमन यांच्या १९६९ सालच्या भाषेत, सरकून बसायला शेजारी शिल्लक असतात. त्यांनी कोणते काम शिकायचे, हे बऱ्याच अंशी त्यांना रोज कोणते काम दिले जाते यावर ठरते. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. त्यानंतर दार बंद होते, हा आपण काढलेला अर्थ बरोबर नाही.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण घेतले होते. त्यांपैकी एका गटाच्या चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घातला आणि दोन आठवडे दुबळ्या हातालाच कामाला लावले. वर्षभरानंतरही त्या गटाचा दुबळा हात दुसऱ्या गटापेक्षा सरस होता. अर्थात, त्या सर्वांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल मुळात शिल्लक होती. म्हणून ही पद्धत ऐकून घरच्या घरी आजोबांचा चांगला हात बांधू नका. तोल जाऊन पडण्याचा धोका मोठा असतो. आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारा, हा प्रकार आमच्या रुग्णाला लागू पडेल का.

पण त्या चाचणीतून घरी आणण्यासारखे काही आहे. चांगला हात झटपट काम उरकतो, आणि आपणही मायेपोटी घास भरवतो, बटण लावून देतो. त्यामुळे दुबळ्या हाताच्या वाट्याला दिवसभरात काहीच येत नाही, फक्त सकाळचा अर्धा तास व्यायाम. टॉवेलची घडी, वाटाणे सोलणे, कणकेचा गोळा दाबणे, देवापुढची फुले ताटलीत मांडणे, अशी कामे त्या हाताकडे वळवता येतात. वेळ लागेल. आपल्याला बघवणार नाही. बाजूला बसावे आणि घाई करू नये. हात आखडत असेल, खांदा दुखत असेल, तर मात्र ओढाताण न करता तज्ज्ञाला दाखवावे.

आणि ती मोबाईलवरची जाहिरात? रेझमन यांनी वापरलेल्या पेशी मूळपेशी म्हणजे 'स्टेम सेल' नव्हेत. पण त्यांच्या यशाची छायाचित्रे दाखवून स्टेम सेलची इंजेक्शने विकणारे ही बारीक गोष्ट सांगत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक आजारांतील रक्तमूळपेशींचे रोपण सोडले, तर मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. आपल्या शोधांसाठी कोणत्याही रुग्णाला एक पैसाही मोजावा लागू नये, ही आपल्या अभिमानाची गोष्ट ठरेल, असे रेझमन बोलून दाखवत.

तेव्हा मुदत ठेव मोडण्यापूर्वी समोरच्या डॉक्टरांना शांतपणे विचारा: ही नोंदणीकृत चाचणी आहे का? 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी नोंदवहीतील तिचा क्रमांक काय? नीतिसमितीची परवानगी दाखवाल का? चाचणी असेल तर पैसे कसले? ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. घरातले एखादे नातवंड दहा मिनिटांत क्रमांक पडताळून देईल. क्रमांक मिळाला नाही, तर ते पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या वर्षभराच्या भेटींसाठी राखून ठेवा, आणि पहिल्या भेटीतच दंडाचा व मांडीचा घेर मोजून वहीत लिहून ठेवायला सांगा.